तयार फाइल चढवावी की गल्ल्या पायी फिराव्यात? इंदूरच्या खुल्या नकाशाविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदुरातल्या आठ-दहा मराठी मुलामुलींचा गट ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच भरलेल्या जगाच्या खुल्या नकाशावर, आपल्या शहराचा नकाशा भरतो आहे. राजवाडा, सराफा आणि जुनी इंदूरचा काही भाग त्यांनी पायी फिरून पुरा केला. आता एका सरकारी खात्याकडून शहरभरातल्या इमारती, रस्ते आणि वॉर्डांच्या हद्दी असलेली फाइल मिळण्याची शक्यता आहे. सॅटेलाइट चित्रांवरून संगणकाने काढलेल्या इमारतींचे आराखडेही फुकट मिळतात. गटातले निम्मे म्हणतात की सगळं एकदम चढवून मोकळं व्हावं. बाकीचे म्हणतात की हाताने काढलेलंच खरं, तयार माल नकोच. कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही अर्धं-अर्धं. फाइल घ्या, पण थर वेगवेगळे काढून. वॉर्डांच्या हद्दी जवळजवळ तशाच घेता येतील. इमारती तुकड्या-तुकड्याने, तपासून घ्याव्यात. रस्ते चढवू नका, फक्त मागे ठेवून तुलनेसाठी वापरा. दुकानं, नावं, फाटकं, बंद गल्ल्या, एकेरी वाहतूक हे फाइलमध्ये असलं तरी घेऊ नका, ते पायांनीच गोळा करायचं. आणि एका वेळी तेवढाच भाग चढवायचा, जेवढा पुढच्या महिनाभरात तुमच्यापैकी कोणीतरी प्रत्यक्ष पाहून येणार आहे. हा शेवटचा नियम मोडला की बाकी कितीही काळजी घेतली तरी नकाशा मरतो.

रस्त्यांबद्दल इतकं कडक का, ते आधी सांगतो. २००७-०८ मध्ये अमेरिकेच्या जनगणना खात्याची ‘टायगर’ नावाची रस्त्यांची फाइल ओपनस्ट्रीटमॅपवर सरसकट चढवली गेली. ती जनगणनेच्या कामासाठी बनलेली होती, वाट दाखवण्यासाठी नाही. गावाकडचे रस्ते कुठेच्या कुठे सरकलेले, खासगी शेतातल्या वाटाही ‘रहिवासी रस्ता’ म्हणून लागलेल्या. प्रत्येक रस्त्यावर ‘तपासलं नाही’ असा टॅग (नोंदीला जोडलेली माहितीची चिठ्ठी) होता, कोणी पाहून आलं की तो काढायचा. तो टॅग लावलेले रस्ते अजूनही सापडतात. भारतालाही २००७ मध्येच एका डच कंपनीने मुख्य रस्त्यांची माहिती दान केली होती. पांढऱ्या कागदावर काहीतरी उमटलं हे खरं, पण त्या रेषा सरळ करत, गावांची दुबार नावं काढत मंडळींना पुढची कित्येक वर्षं बसावं लागलं. चढवायला एक रात्र लागते आणि निस्तरायला दहा वर्षं.

आता क्रमाने. पहिला प्रश्न परवान्याचा. फाइल ‘फुकट मिळते’ किंवा ‘वेबसाइटवर आहे’ याचा अर्थ ती नकाशात घालता येते असा होत नाही. ओपनस्ट्रीटमॅपचा परवाना सप्टेंबर २०१२ पासून ओडीबीएल (खुल्या माहितीसाठीचा एक परवाना) आहे, आणि त्याखाली तुमची माहिती कोणीही, व्यापारासाठीसुद्धा, वापरू शकतं. देणाऱ्याला हे माहीत असायला हवं. क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘फक्त श्रेय द्या’ हा परवाना असला तरी मालकाची वेगळी लेखी संमती लागते, कारण श्रेय नकाशावर जागच्या जागी न देता एका पानावर एकत्र दिलं जातं. म्हणून पत्र घ्या. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: कोणती फाइल आणि कोणत्या तारखेची, ती ओडीबीएलखाली ओपनस्ट्रीटमॅपमध्ये घालायला हरकत नाही, आणि सही करणाऱ्याला ती परवानगी देण्याचा अधिकार आहे. ओळखीच्या साहेबांनी पेन ड्राइव्हवर दिली, ही परवानगी नव्हे. आणि दुसऱ्या कुठल्या बंद नकाशावरून बघून रेषा काढणं किंवा नावं उतरवणं तर कधीच नाही, तो नकाशा कितीही अचूक दिसला तरी.

याच टप्प्यावर फाइल किती अचूक आहे तेही विचारून घ्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांवरचे निर्बंध बरेच सैल केले. आडव्या मापात १ मीटर आणि उंचीत ३ मीटर ही मर्यादा ठरली. त्याहून बारीक अचूकतेची माहिती भारतीय व्यक्ती-संस्थांकडेच आणि भारतातच साठवलेली असावी लागते. ड्रोनने काढलेली १०-२० सेंटिमीटर अचूकतेची फाइल हाती आली तर ती जगभर पसरलेल्या नकाशात जशीच्या तशी ओतण्याचा विचारही करू नका. मोबाइलच्या जीपीएसची चूक ३ ते ५ मीटरची असते, त्यामुळे पायी सर्व्हेला ही अडचण येत नाही. महूकडे फिरणार असाल तर लष्करी हद्दीत नोंदी घेऊ नका.

फाइल उघडली की पहिलं काम शंभर इमारती तपासायचं. क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत प्रोग्रॅममध्ये यादृच्छिक निवडीचं साधन आहे, त्यातून १०० निवडा. आपल्या डोळ्यांना बऱ्या दिसल्या त्या निवडायच्या नाहीत. प्रत्येकीसाठी चार प्रश्न: इमारत जागेवर आहे का, जागा किती मीटर सरकली आहे, आकार बरोबर आहे का, आणि शेजारच्या दोन इमारती मिळून एक झाली आहे का. शंभरातल्या दहाहून जास्त नापास झाल्या तर तो थर सरसकट चढवण्याच्या लायकीचा नाही, असं धरून चाला. यातल्या निदान तीस इमारती प्रत्यक्ष जाऊन पाहा, कारण सॅटेलाइट चित्र आणि फाइल दोन्ही एकाच जुन्या वर्षाची असली तर ती एकमेकांशी मस्त जुळतात आणि दोन्ही चुकीची असतात. इंदुरात हे हमखास होतं. २०१३ मध्ये सुरू झालेला ए.बी. रोडवरचा बीआरटीएस (बसचा राखीव मार्ग) २०२५ मध्ये काढायला घेतला. त्याच वर्षी ३१ मे रोजी मेट्रोचा पहिला सहा किलोमीटरचा तुकडा सुरू झाला. दोन वर्षांपूर्वीच्या फाइलमध्ये पहिल्याची रेलिंग दिमाखात उभी असेल आणि दुसऱ्याचा पत्ता नसेल.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो जागा सरकण्यात, आणि त्याची कारणं ओळखता आली तर अर्धं काम झालं. सरकण्याचं अंतर मोजलं की बहुतेक वेळा कारण आपोआप कळतं.

सगळंच्या सगळं एकाच दिशेला शंभर-सव्वाशे मीटर सरकलेलं असेल, तर फाइल जुन्या टोपोशीटवरून (सरकारी भूनकाशावरून) आलेली आहे. त्या एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, बेतलेल्या होत्या आणि जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापावर. हाताने ढकलून जुळवू नका. क्यूजीआयएसमध्ये मूळ प्रणाली नेमून रूपांतर करा, नाहीतर एका टोकाला जुळलेलं दुसऱ्या टोकाला चुकतं. फाइल सहाशे किलोमीटर पूर्वेला गेली असेल तर यूटीएमचा पट्टा चुकला आहे (या पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंश रेखांशाचे पट्टे पाडलेले असतात). इंदूर आणि वडोदरा ४३ व्या पट्ट्यात येतात, पण ग्वाल्हेर ७८ अंश रेखांशाच्या जरासं पलीकडे असल्यामुळे ४४ व्यात. मध्य प्रदेशची एकत्र फाइल कुठल्या पट्ट्यात काढली आहे हे सोबतच्या पीआरजे फाइलमध्ये असतं, आणि नेमकी तीच पाठवायची राहून जाते. ४३ ची फाइल ४४ म्हणून उघडली तर राजवाडा अमरकंटकच्या आसपास जाऊन पडतो. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली असेल तर इंदूर थेट नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात दिसतं, ही चूक लगेच लक्षात येते म्हणून त्यातल्या त्यात बरी.

घातक चूक असते ती पाच ते पंधरा मीटरची, कारण ती नजरेत भरत नाही. ती दोन कारणांनी येते. एक म्हणजे सॅटेलाइट चित्रच सरकलेलं असणं. त्यावर उपाय: मोकळ्या आकाशाखाली एकाच रस्त्यावरून दोन्ही बाजूंनी तीन-चार वेळा जाऊन जीपीएसच्या रेषा घ्या, त्यांच्या मधोमध चित्रातला रस्ता येईल असा ऑफसेट (चित्र सरकवण्याचं अंतर) जॉसम या नकाशा संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये लावा, आणि गटातल्या सगळ्यांनी तोच आकडा वापरा. नेहरू स्टेडियमभोवतीचे रुंद रस्ते यासाठी चांगले, सराफ्याच्या गल्ल्या अजिबात नाहीत. दुसरं कारण उंच इमारतींचा कल. सॅटेलाइटने वीस अंश तिरकं पाहिलं तर ३० मीटर उंच इमारतीचं छप्पर पायापासून ११ मीटर बाजूला दिसतं. विजयनगरकडे हे फार होतं. संगणकाने काढलेले आराखडे छपराचे असतात. आकार छपरावर घ्यायचा आणि मग उचलून पायावर ठेवायचा, हे काम माणसाचंच.

त्या आराखड्यांबद्दल इथेच सांगून टाकतो. गूगलच्या खुल्या इमारतींच्या संचाला ओडीबीएलचा पर्याय दिलेला आहे, मायक्रोसॉफ्टचा संच ओडीबीएलखालीच आहे, त्यामुळे परवान्याची अडचण नाही. गूगलच्या संचात प्रत्येक आराखड्यासोबत विश्वासाचा आकडा येतो, ०.६५ पासून १ पर्यंत. वरचे तेवढे ठेवून बाकीचे गाळावेत असं वाटतं, पण तेवढ्याने भागत नाही. मल्हारगंजातल्या जुन्या घरांच्या भिंती एकमेकींना लागून असतात आणि छपरं एकात एक गेलेली. यंत्राला सहा घरं मिळून एक मोठी इमारत दिसते, आणि तिचा आकडाही चांगला असतो. वाड्यांचे चौक बुजून जातात. सुदामानगरात १५ बाय ५० फुटांच्या प्लॉटांच्या रांगा आहेत, तिथे दहा घरांची एक लांबलचक पट्टी येते. याउलट सुपर कॉरिडॉरकडे किंवा बायपासच्या बाजूला सुट्या इमारती आहेत, तिथे हेच आराखडे सुरेख बसतात आणि दिवसभराचं काम तासात होतं. म्हणजे शहर एकच असलं तरी निर्णय मोहल्ल्यागणिक वेगळा. जुन्या शहरात हाताने, नव्या वस्तीत फाइलने.

फाइलमधली नावं चढवायची नसली तरी जुळवाजुळवीसाठी वाचावी लागतात, आणि त्या रकान्याची गोष्ट वेगळीच आहे. शेपफाइलच्या, म्हणजे अशी माहिती सहसा ज्या प्रकारात मिळते त्या फाइलच्या, तक्त्यात रकान्याचं नाव दहाच अक्षरांचं असतं आणि मजकुराला २५४ बाइटची मर्यादा. देवनागरीचं एक चिन्ह युनिकोडमध्ये तीन बाइट खातं, म्हणून ८४ चिन्हांनंतर नाव मधेच तुटतं. मजकूर कोणत्या संकेतात आहे ते सांगणारी सोबतची सीपीजी फाइल नसेल तर देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हं येतात. जुन्या कचेऱ्यांमधला मजकूर कृतिदेव फाँटमध्ये टंकलेला असतो, तो आधी युनिकोडमध्ये बदलून मग ओळ-ओळ वाचावा लागतो, कारण रफार आणि ऱ्हस्व इकार जागा बदलतात. आणखी एक बारीक गोष्ट. हिंदीत ‘राजवाड़ा’ लिहिताना ते ‘ड़’ दोन प्रकारे साठवता येतं: एकच अखंड चिन्ह म्हणून, किंवा ‘ड’ आणि खालचा नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण शोधताना जुळत नाहीत, आणि नकाशात आधीच असलेलं नाव यंत्राला ‘नवीन’ वाटून दुबार नोंद होते. जुळवाजुळव करण्याआधी दोन्हीकडचा मजकूर एकाच रूपात आणा. युनिकोडच्या प्रमाण रूपात नुक्ता सुटा राहतो.

इतकं झालं की खरं कष्टाचं काम, म्हणजे आधीच्या नोंदींशी मेळ घालणं. इथे एकच नियम: ज्या घरावर कोणीतरी उन्हात उभं राहून नाव, मजले, पत्ता भरला आहे ते घर पुसून त्या जागी फाइलमधलं घर ठेवायचं नाही. फाइलमधला आकार खरंच जास्त चांगला असेल तर जॉसमच्या ‘युटिल्सप्लगइन-२’मधली ‘रिप्लेस जॉमेट्री’ आज्ञा वापरा. जुन्या नोंदीचा इतिहास आणि टॅग राहतात, फक्त आकार बदलतो. पुसून नवीन काढलं तर इतिहास तुटतो, आणि ज्याने ते भरलं होतं तो माणूस बहुधा पुन्हा येत नाही.

रस्ते मागे ठेवूनच वापरा असं म्हटलं त्याचं तांत्रिक कारणही इथे दिसतं. फाइलमधले रस्ते चौकात एकमेकांना टेकलेले दिसतात, पण सामायिक नोड (नकाशातला बिंदू) नसला तर वाट शोधणाऱ्या यंत्राच्या लेखी तिथे दरी असते. उलट, जिथे जुळायला नको तिथे यंत्र जुळवून टाकतं. शास्त्री ब्रिजवर रस्ता वरून आणि रूळ खालून जातात. पुलाचा आणि कोण वर, कोण खाली हे सांगणारा थराचा टॅग न लावता दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे नोड पडला, की नकाशात भर शहरात रेल्वे फाटक उभं राहतं. असे दोष शोधायला जॉसमचा व्हॅलिडेटर आणि ऑस्मोज ही तपासणीची साधनं आहेत, पण त्यांना फक्त संशयित जागा दाखवता येते. खरं काय, ते ब्रिजवर उभं राहिलेल्याला कळतं. वॉर्डांच्या हद्दीही रस्त्यांच्या नोडला चिकटवू नका. उद्या कोणी रस्ता नीट केला की वॉर्डाची हद्द त्याच्याबरोबर हलते. शहरात ८५ वॉर्ड आहेत. एक हद्द तुटली की शेजारच्या दोन-तीन वॉर्डांचे आकार मोडतात.

चढवण्याआधी इम्पोर्टचं, म्हणजे तयार फाइल चढवण्याच्या योजनेचं, विकी पान लिहा, इम्पोर्टच्या मेलिंग लिस्टवर आणि भारतीय समुदायात ते मांडा, आणि निदान दोन आठवडे थांबा. ही औपचारिकता नाही. फाइलमधला कोणता रकाना कोणत्या टॅगमध्ये जाणार या तक्त्यातली चूक नेमकी तिथेच कोणीतरी दाखवून देतं. फाइलमधला प्रत्येक रकाना नकाशात न्यायचा नसतो. खात्याचा अंतर्गत क्रमांक, क्षेत्रफळ, परिमिती, नोंद करणाऱ्याचा संकेतांक, सगळं गाळा. इमारत, मजले, घर क्रमांक एवढं पुरे. आणि चढवायला वेगळं खातं उघडा, नावाच्या शेवटी ‘इम्पोर्ट’ असलेलं, म्हणजे मागे घ्यायची वेळ आली तर तुमचं हाताचं काम त्यात ओढलं जाणार नाही.

एका चेंजसेटमध्ये (एकत्र चढवलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात) १०,००० बदल मावतात. चौकोनी घर म्हणजे चार कोपरे आणि एक रेषा, असे पाच बदल. म्हणजे कागदावर २,००० घरं बसतात. तुम्ही २०० ते ३०० च ठेवा, एका वस्तीपुरती. दुसऱ्याला तेवढंच डोळ्यांनी तपासता येतं. नेट मधेच तुटलं तर काय होतं ते समजून घ्या, कारण दुबार इमारतींचं हे सर्वांत मोठं कारण आहे. जॉसम नव्या वस्तूंना ऋण क्रमांक देतं. सर्व्हरने त्या स्वीकारल्या की खरे क्रमांक परत पाठवतो. सर्व्हरने स्वीकारलं, पण उत्तर तुमच्यापर्यंत यायच्या आत नेट गेलं, तर तुमच्या फाइलमध्ये क्रमांक ऋणच राहतात. तुम्ही पुन्हा ‘अपलोड’ दाबता आणि त्याच जागी अगदी तंतोतंत दुसरी तीनशे घरं उभी राहतात. म्हणून नेट तुटलं की पुन्हा दाबायचं नाही. आधी तो भाग नव्या थरात डाउनलोड करून काय पोहोचलं ते पाहायचं. चुकीचं चढलंच तर त्याच दिवशी जॉसमच्या ‘रिव्हर्टर’ या जोडसाधनाने मागे घ्या. आठवडाभराने त्यावर इतरांचे बदल बसलेले असतात आणि प्रत्येक ठिकाणी तंटा सोडवत बसावं लागतं.

आता पायांचं काम. त्याला हौस म्हणू नका, त्यालाही शिस्त लागते. ए-४ कागदावर १:१२५० प्रमाणात छापलं तर साधारण २६० बाय ३७० मीटरचा भाग मावतो. जुन्या शहरात दोघांच्या जोडीला दोन तासांसाठी एवढा एक कागद पुरतो, त्याहून जास्त घेतलात तर शेवटच्या गल्ल्या उरकल्या जातात. एकाने कागदावर आणि ‘एव्हरी डोअर’ या मोबाइल ॲपमध्ये नोंदी घ्यायच्या, दुसऱ्याने फोटो आणि जीपीएस सांभाळायचं. जीपीएसची नोंद दर सेकंदाला. अरुंद गल्लीत उपग्रहांचे संदेश भिंतींवर आपटून येतात आणि चूक वीस मीटरपर्यंत जाते, म्हणून तिथे जीपीएसच्या रेषेवर विसंबून काहीही काढू नका. कोपऱ्यापासून पावलं मोजा किंवा इमारतीच्या संदर्भाने जागा लिहा: ‘देवळापासून तिसरं दुकान, डाव्या हाताला’. निघताना मोबाइलच्या घड्याळाचा सेकंद दिसेल असा एक फोटो कॅमेऱ्याने घ्या. जीपीएसची वेळ ग्रीनिचची असते, फोटो जुळवताना साडेपाच तासांचा फरक भरायचा असतो. पाच तास भरलेत तर सगळे फोटो अर्धा तास मागे-पुढे, म्हणजे दोन बाजार पलीकडे जाऊन बसतात.

काय पाहायचं? जे वरून दिसत नाही ते सगळं. चित्रात आरपार वाटणारी गल्ली शेवटी भिंतीला भिडते का. कॉलनीचं फाटक रात्री बंद होतं का. रिक्षा अडवायला मधे खांब रोवले आहेत का. घाटाकडे रस्ता उतरतो की पायऱ्या. बोर्डावरचं नाव एक आणि तोंडातलं दुसरं आहे का. दारावरच्या पाटीतलं माणसाचं नाव नकाशात कधीच घालू नका. ‘मातृछाया’सारखं घराचं नाव चालतं.

सराफ्याचं उदाहरण घेऊ, कारण तिथे फाइल आणि पाय यांतला फरक ढळढळीत दिसतो. कुठल्याही फाइलमध्ये सराफा म्हणजे दागिन्यांच्या दुकानांची रांग. दुपारी गेलात तर तेच खरं. रात्री साडेआठ-नऊनंतर दुकानांची शटरं खाली येतात आणि त्याच ओट्यांपुढे गराडू, भुट्ट्याचा कीस, जिलबी, दहीवड्याच्या गाड्या लागतात, त्या मध्यरात्रीनंतरही चालतात. दोन्ही एकाच नोडमध्ये कोंबू नका. दुकान इमारतीच्या आत, दागिन्यांचा टॅग आणि दिवसाची वेळ. खाण्याची गाडी समोर रस्त्याच्या कडेला, वेगळा नोड, खाद्यविक्रीचा आणि रस्त्यावरच्या विक्रेत्याचा टॅग, आणि तिची रात्रीची वेळ. वेळेचे आकडे इंग्रजी अंकांतच (0 ते 9) टाका. देवनागरी अंक टाकले तर यंत्राला वेळ वाचता येत नाही आणि तुमची नोंद वाया जाते. जी गाडी दोन वेगवेगळ्या आठवड्यांत त्याच जागी दिसली तीच टाका. रात्री वाहनांना बंदी असल्याचा टॅग लावायचा असेल तर फलक किंवा अडथळा पाहूनच, गर्दी आहे म्हणून नव्हे. म्हणजे सराफ्यासाठी किमान तीन फेऱ्या: एक दुपारी, दोन रात्री.

नावांच्या बाबतीत आपली जबाबदारी थोडी जास्त आहे. मुख्य नाव तेच, जे तिथल्या पाट्यांवर आहे, म्हणजे इंदुरात बहुतेक हिंदी. मराठी नाव मराठीच्या टॅगमध्ये: राजवाडा, बडा गणपती, शीतलामाता बाजार. पण जे नाव मराठी घरांतून खरंच बोललं जातं तेवढंच लिहा. यंत्राकडून हजार नावांचं मराठीकरण करून चढवणं म्हणजेसुद्धा इम्पोर्टच, आणि वाईट इम्पोर्ट. ‘यशवंत निवास रोड’ हे मुख्य नाव, ‘वाय. एन. रोड’ हे छोटं नाव. विजयनगरला ‘स्कीम नंबर ५४’ हे पर्यायी नाव द्या, कारण पत्त्यावर दोन्ही येतात आणि कुरियरवाला दोन्हींनी शोधतो. वस्तीचं नाव कुठे संपतं याबद्दल एका माणसाचं ऐकू नका. किराणावाल्याला विचारा, मग रिक्षावाल्याला. दोघांचं जुळलं नाही तर हद्द काढू नका, वस्तीच्या मधे फक्त एक नोड ठेवा.

दोन्ही कामं एकमेकांत अशी गुंफा: आधी एका वॉर्डातल्या इमारती चढवा, त्याच वॉर्डाचे कागद छापा, आणि पुढच्या चार रविवारी तिथेच फिरा. फिरताना खोटी निघालेली इमारत लगेच काढा, नवी दिसलेली घाला, आणि तपासलेल्या प्रत्येक दुकानावर तपासणीची तारीख टाका. पाचव्या रविवारी विकी पानावर लिहा: किती इमारती चढल्या, किती काढाव्या लागल्या, कशामुळे. शंभरात पाच-सातच्या आत काढाव्या लागल्या तर दुसरा वॉर्ड घ्या. त्याहून जास्त असतील तर फाइल बंद ठेवा आणि त्या वॉर्डाचं कारण शोधा. बहुतेक वेळा ते जुन्या वर्षाच्या चित्रात किंवा एकमेकांना लागून असलेल्या भिंतींत सापडतं.

सुरुवात सुपर कॉरिडॉरच्या बाजूच्या एखाद्या सुट्या घरांच्या वॉर्डापासून करा. मल्हारगंज सगळ्यात शेवटी, आणि तेही फाइलशिवाय.